अख्खी बॅग, सुटे मीठ आणि आपला अभिप्राय

महोदय,

घरच्या रीफ टाकीसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) ठेवण्याच्या काचेच्या टाकीसाठी, पाच किलो मीठ हवे असताना दुकानदाराने 20 किलोची महागडी बॅग गळ्यात मारली, मिठावर पाणी ओतताच ते दुधासारखे पांढरे झाले, दोन कोरल दगावले आणि नंतर दुकानदाराने फोनही उचलला नाही, असे लिहून आपण आमच्या दुकानाला एक तारा दिला आहे. आपले कोरल गेले याचे मनापासून वाईट वाटते आणि फोन न उचलल्याबद्दल मी दिलगीर आहे. आपले चारही फोन पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आले. त्या वेळी मी गोठ्यात बैलांचे खांदे शेकत होतो, दोन्ही हात तुपाहळदीने भरलेले होते आणि मोबाइल दुकानात चार्जिंगला लावलेला होता. तरीही रात्री मी आपल्याला उलट फोन करायला हवा होता, तो राहून गेला.

मात्र ‘गळ्यात मारली’ हे शब्द वाचल्यापासून मन कशात लागत नाही, म्हणून तेवढ्याविषयी सविस्तर लिहितो.

आधी ‘महागडी’. त्या दिवशी मी काउंटरवर दोन प्रकारची मिठे ठेवली होती. एकाची अल्कलिनिटी, म्हणजे त्याच्या पाण्यातील मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, 8 डीकेएचच्या (हे ते मोजण्याचे एकक) आसपास होती आणि दुसऱ्याची 12 च्या जवळ. आपल्याला दुसरे हवे होते, कारण त्याचा आकडा मोठा होता. खऱ्या समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी सुमारे 7 डीकेएच असते. 12 चे मीठ टणक सांगाड्याचे कोरल भरपूर बाळगून ते झपाट्याने वाढवू पाहणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे आणि आपल्या टाकीत तर झोअँथिड व लेदर कोरल हे टणक सांगाडा नसलेले मऊ प्रकार एवढेच होते. म्हणून मीच आपल्याला 8 चे घ्यायला लावले, जे दुसऱ्यापेक्षा 1,400 रुपयांनी स्वस्त होते. महाग माल खपवायचा असता, तर आपण स्वतःच मागत असलेली बॅग मी निमूटपणे उचलून दिली असती.

आता सुट्या मिठाचे. आपण तेव्हाही विचारले होते, ‘ढेप सुटी देता, मग मीठ काहून देत नाही?’ दुकानात गिऱ्हाइके असल्याने मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, ते आता देतो. सरकी ढेप वरून घ्या की तळातून, ती ढेपच असते. रीफच्या मिठाचे तसे नाही. त्यात सोडियम क्लोराइड सर्वांत जास्त असले, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार, सल्फेट व बायकार्बोनेटही ठरावीक प्रमाणात मिसळलेले असतात आणि प्रत्येकाचा दाणा निराळा असतो. मुंबईपासून 750 किलोमीटरहून अधिक अंतर ट्रकमध्ये हेलकावे खात बॅग आमच्याकडे येते. दिवाळीच्या चिवड्याचा डबा गावाहून आणला, की पोहे वर आणि दाणे-डाळवे तळाशी सापडतात, तसेच बॅगेत होते. म्हणून पूर्ण बॅगसुद्धा वापरण्यापूर्वी आडवी करून चांगली लोळवून घ्यावी लागते. तीच फोडून मी वरचे पाच किलो आपल्याला आणि खालचे पाच किलो दुसऱ्याला तोलून दिले असते, तर दोघांच्याही टाकीत कॅल्शियम व मॅग्नेशियम किती गेले, हे मलाही सांगता आले नसते.

शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा झपाट्याने ओढतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणातच एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मी बॅग फोडली होती. पोते शिवून, वर प्लास्टिक बांधून ठेवले, तरी पंधरा दिवसांत उरलेल्या मिठाची गुळाच्या भेलीसारखी ढेकळे झाली. तो तोटा मी सोसला, त्याची कोठे वाच्यता केली नाही.

आपल्या तक्रारीत तथ्य नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आपली टाकी 120 लिटरची आहे. लिटरला साधारण 37 ग्रॅम धरले, तर पहिल्या भरणीला सुमारे साडेचार किलो मीठ लागते आणि आठवड्याला 12 लिटर पाणी बदलल्यास दर खेपेस साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 20 किलोची बॅग आपल्याला आठ महिने पुरेल आणि तोवर ती कोरडी राखणे सोपे नाही. झाकणाचा घट्ट डबा घ्या, हे मी सांगायला हवे होते.

पाणी पांढरे होण्याचे कारण आपल्याच लिहिण्यात आहे. मिठावर पाणी ओतले, की थोड्याशा पाण्यात क्षार फार दाट होतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांशी जुळून कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो आणि कितीही ढवळले तरी तो पुन्हा विरघळत नाही. आपल्या फोटोत निळ्या बादलीच्या तळाशी जो चुन्यासारखा थर दिसतो, तो हाच. आधी आरओचे पाणी, त्यात पंप चालू, मग मूठमूठ मीठ, हा क्रम बॅगेवर छापलेला आहे, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत, हे मान्य. आपले पाणी घरच्या पिण्याच्या आरओचे असेल, तर त्याचा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) तपासावा लागेल, कारण अशा अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी किती जड, हे चहाच्या भांड्यावरूनच कळते. कोरल नेमके कशाने गेले, हे टाकीचे पाणी तपासल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही.

मीठ कालवण्याची कृती मराठीत छापून प्रत्येक बॅगेसोबत देण्याचा विचार आहे. चार-पाच किलोची कारखान्यातूनच बंद होऊन आलेली पाकिटे मिळाल्यास तीही शक्य तितक्या लवकर ठेवू. आपल्या उरलेल्या बॅगेबाबतही समोरासमोर बसून काही मार्ग काढता येईल.

टाकीतील पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणावे. पाण्याचा खारेपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार) आहे की नाही, ते रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर आपल्यासमोर पाहू आणि अल्कलिनिटीही मोजू, त्याचे पैसे पडणार नाहीत. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते. तोपर्यंत त्या निळ्या बादलीतले पाणी कृपया टाकीत घालू नये.

आपला,
दुकानमालक