‘आत ठोकळा घाला, झालं काम’ हे साफ चुकीचं आहे

कॅलिफोर्नियातल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपांवर पिस्तुलाच्या मॅगझिनबद्दल, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीबद्दल, एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. कॅलिफोर्नियात १०पेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर बंदी आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिच्यातून पळवाट सांगितलीय. सॅन होजेला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ग्रीनकार्ड आल्यावर घरात ग्लॉक कंपनीचं पिस्तूल घेतलं. त्याने हा फॉरवर्ड मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, शनिवारी रीनोला जाऊन येऊ का?’ रीनो म्हणजे शेजारच्या नेवाडा राज्यातलं शहर. तेव्हा मात्र गप्प बसवेना.

फॉरवर्ड म्हणतो: नेवाडातून १५ किंवा १७ गोळ्यांची मॅगझिन्स आणा, घरी आत लाकडाचा ठोकळा घाला, गोळ्या १०च भरा. कायदा तसाही कोर्टाने उडवलाय. पकडलं तर १०० डॉलर दंड. व्हिसा कुठलाही चालतो.

‘१०च भरा.’ राज्याच्या दंडसंहितेचं कलम १६७४० मॅगझिनमध्ये किती गोळ्या भरल्यात ते बघत नाही, किती मावतात ते बघतं. १७ मावणारं मॅगझिन रिकामं असलं तरी मोठंच.

आता ठोकळा. त्याच कलमात सूट आहे, पण कायमचा बदल करून १०पेक्षा जास्त गोळ्या मावूच शकणार नाहीत अशा मॅगझिनला. ग्लॉकचं मॅगझिन साफ करायला एकदा तरी उघडलंय का हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याने? तळाच्या प्लेटमधलं बटण दाबायचं, प्लेट सरकवायची, की स्प्रिंग हातात येते. ठोकळाही तिच्याबरोबर येईल. यात कायमचं काय आहे? नीट काम करणारे आत अडसर बसवतात आणि तळाची प्लेट रिव्हेट मारून किंवा इपॉक्सीने कायमची बंद करतात.

आणि समजा भाच्याने घरी अगदी पक्कं रिव्हेट मारलं, तरी उशीर झालेला असेल. सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे. नेवाडात मर्यादा नाही, दुकानदार मॅगझिन देईल, इथवर खरं. पण कलम ३२३१० प्रमाणे असं मॅगझिन राज्यात आणणं हाच गुन्हा आहे, आणि ही बंदी २००० सालापासूनची आहे. रीनोहून आय-८० महामार्गाने परतताना ट्रकी गाव यायच्या आधीच राज्याची हद्द लागते. ती ओलांडली तेव्हा मॅगझिन १५चं होतं ना? मग घरी पोचल्यावर त्याचं काहीही केलंत तरी गुन्हा पुसला जात नाही. बदल करायचा तर हद्दीच्या पलीकडे करून मगच आणायचं. फॉरवर्डने नेमका हाच क्रम उलटा सांगितलाय.

१०० डॉलरचा आकडा हवेतला नाही, एवढं मान्य करतो. पण तो नुसतं बाळगल्याबद्दलचा आणि दर मॅगझिनमागे आहे. त्यातही वर्षभरापर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहेच. बाहेरून आणल्याचा खटला तर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, म्हणूनही चालवता येतो. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात पूर्वी अटक झाली होती का, हे विचारतात. तिथे भाचा काय लिहिणार?

‘कोर्टाने कायदा उडवला.’ संघीय न्यायाधीश बेनिटेझ यांनी २०१९मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये तसा निकाल दिला होता. २०१९चा निकाल स्थगित होईपर्यंतच्या एका आठवड्यात लोकांनी कोर्टाच्या आदेशामुळे कायदेशीर खरेदीही केली. पण २० मार्च २०२५ला नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्याखाली येतं त्या संघीय अपील न्यायालयाच्या) मोठ्या पीठाने ७ विरुद्ध ४ मतांनी कायदा वैध ठरवला. या खटल्यातले एक न्यायाधीश पिस्तूल खोलून दाखवतात असा एक व्हिडिओही आहे; तो खरा आहे, पण या निकालाच्या विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीशाचा आहे.

‘व्हिसा कुठलाही चालतो’ हे वाक्य तर कुणाला देशोधडीला लावेल. संघीय कायद्याप्रमाणे एच-१बीवर असलेल्याला पिस्तूलच काय, गोळीही जवळ ठेवता येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, तेवढेच.

भाच्याला सांगितलंय, रीनोजवळचं टाहो तळं बघायला जायचं तर खुशाल जा. ग्लॉकने स्वतः बनवलेली १० गोळ्यांची मॅगझिन्स सॅन होजेतच मिळतात, तीच घे.