सण पाळणारा ख्रिस्ती मूर्तिपूजक ठरत नाही

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरायला लागतो. उपवासकाळात त्याचीच दुसरी आवृत्ती येते, नाताळच्या जागी ईस्टर घालून. म्हणणं थोडक्यात असं: नाताळ-ईस्टर पाळायची आज्ञा बायबलमध्ये कुठेही नाही, प्रेषित पौलाने गलतीकरांना दिवस पाळण्यावरून खडसावलं आहे, 25 डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा जन्मदिवस, सजवलेल्या झाडाचा यिर्मया संदेष्ट्याने निषेध केला आहे, ईस्टर म्हणजे बाबेलची इश्तार देवी. तेव्हा हे सण पाळणारा नकळत मूर्तिपूजा करतो आणि खरा विश्वासणारा त्यांपासून दूर राहतो.

याला उत्तर द्यायलाच हवं, कारण या संदेशाने घरातली माणसं दुखावली जात आहेत. जन्मभर नाताळच्या उपासनेला गेलेल्या, दारात कागदी तारा लावणाऱ्या आजीला तिचाच नातू सांगतो की तू परक्या दैवताचा सण करतेस. ती वाद घालत नाही, गप्प बसते. तिच्या वतीने आपण शास्त्र उघडून बघू.

गलतीकरांस पत्रापासून सुरुवात करतो, कारण संदेशातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच. चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात पौल म्हणतो की तुम्ही दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळता. आणि लगेच म्हणतो, तुमच्यासाठी केलेले माझे श्रम वाया गेले की काय अशी मला भीती वाटते. वचन खरंच तसं आहे. पण संदेश तिथे थांबतो, पत्र थांबत नाही. पाचव्या अध्यायात भांडणाचं मूळ उघड होतं: परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना काही जण बजावत होते की सुंता करून घ्या, नियमशास्त्राखाली या. दिवस पाळणं हा त्या सक्तीचा भाग होता. पौलाचं स्वतःचं वागणं बघितलं की हे पक्कं कळतं. तीत या सहकाऱ्याच्या सुंतेचा आग्रह झाला तेव्हा तो तसूभरही हलला नाही. तीमथ्य या दुसऱ्या सहकाऱ्याची सुंता मात्र त्याने स्वतः केली. क्रिया तीच. पण एका ठिकाणी ती तारणाची अट म्हणून लादली जात होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. आणि हाच पौल करिंथकरांना कळवतो की पेन्टेकॉस्ट या यहूदी सणापर्यंत मी इफिसात राहीन, आणि दुसऱ्या एका प्रवासात पेन्टेकॉस्टला यरुशलेमेत पोहोचायची घाई करतो. दिवस मानणं हेच पाप असतं, तर सणांवर त्याचं लक्ष कशाला राहिलं असतं?

संदेशात रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय कधीच नसतो. तिथे पौल म्हणतो की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपापल्या मनाची खातरी करून घ्यावी. कलस्सैकरांस पत्रात तर सण, अमावास्या, शब्बाथ यांची नावं घेऊन तो म्हणतो की यांबद्दल कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये. म्हणजे पाळायची सक्ती नको, तशीच पाळणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणंही नको. संदेश करतो ते नेमकं हे दुसरं.

आता "आज्ञा नाही" हा मुद्दा. आज्ञा नाही, हे मान्य. प्रभूच्या जन्माची तारीखही शुभवर्तमानांत नाही. पण ज्याची आज्ञा नाही ते सगळं निषिद्ध, असा नियम खुद्द प्रभूने पाळलेला दिसत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, हिवाळ्यात, मंदिराच्या पुनःस्थापनेच्या सणाच्या वेळी तो मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरताना दिसतो. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. अंतियोखस राजाने विटाळलेलं मंदिर यहूदा मक्काबीने शुद्ध केलं, ते ख्रिस्तपूर्व 164 मध्ये, मोशेनंतर कितीतरी शतकांनी. त्याची आठवण म्हणून लोकांनीच तो सुरू केला. माणसांच्या परंपरांवर परूश्यांना इतकं कठोर बोलणारा येशू या सणाविरुद्ध एक शब्द काढत नाही.

त्याहून बोलका प्रसंग जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. यरुशलेम आणि मंदिर जळाल्यावर लोकांनी पाचव्या महिन्यात शोकाचा उपवास धरायला सुरुवात केली होती. देवाने तो सांगितला नव्हता. सत्तरेक वर्षं उलटली, नवं मंदिर बांधायला घेतलं, तेव्हा बेथेलची माणसं विचारायला आली: आता हा उपवास चालू ठेवावा का? देवाला नकार द्यायचाच असता तर याहून सोपी संधी नव्हती. त्याने विचारलं ते वेगळंच: तुम्ही उपवास केलात तो खरोखर माझ्यासाठी केलात का? मग न्यायाने वागण्याबद्दल, विधवा, अनाथ, परके आणि गरीब यांना न छळण्याबद्दल तो बोलला. आणि आठव्या अध्यायात म्हणाला की चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यातले हे उपवास आनंदाचे सण होतील. माणसांनी ठरवलेले दिवस त्याने खोडले नाहीत, त्यांत कोणाची भक्ती होते ते तपासलं. नाताळबद्दल प्रश्न विचारायचा असेल तर तोच विचारावा. सजावटीसाठी कर्ज काढणारे, चोवीस तारखेच्या रात्री बाटली उघडणारे आणि शेजारच्या उपाशी घराकडे न बघणारे आपल्यात आहेत. त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागेल.

तारखेचा मुद्दा जितक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो तितका तो भक्कम नाही. ऑरेलियन या रोमन सम्राटाने 274 मध्ये सूर्यदेवाचं मंदिर उभारलं, हे खरं. पण 25 डिसेंबरला "अजिंक्या"चा, म्हणजे त्याच सूर्यदेवाचा, जन्मदिवस असल्याची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद मिळते ती थेट 354 सालच्या एका रोमन पंचांगात. फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने ते व्हॅलेंटिनस नावाच्या ख्रिस्ती गृहस्थासाठी तयार केलं होतं. त्यातल्या सणांच्या यादीत त्या दिवसापुढे अजिंक्याचा जन्म आणि रथांच्या 30 शर्यती असं लिहिलं आहे. त्याच हस्तलिखितात रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांच्या, स्मृतिदिनांची वेगळी यादी आहे. तिची सुरुवातच 25 डिसेंबरपासून होते: यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. ही यादी मुळात 336 च्या सुमाराची मानतात. म्हणजे दोन्ही सणांचा पहिला पुरावा एकाच दस्तऐवजात आहे, आणि कोणी कोणाची तारीख घेतली हे त्यावरून सिद्ध होत नाही. नाताळचं मूळ म्हणून कधी कधी सांगितला जाणारा सॅटर्नेलिया हा रोमन सण तर 17 डिसेंबरला सुरू होऊन 23 च्या सुमारास संपायचा.

तारखेचा दुसरा उगमही सांगितला जातो. वधस्तंभाची तारीख 25 मार्च ही समजूत लॅटिन मंडळ्यांत जुनी होती. प्रभू ज्या तारखेला मेला त्याच तारखेला गर्भात आला, असं मानणारेही होते; ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने तसं लिहून ठेवलं आहे. 25 मार्चपासून नऊ महिने मोजा. हा हिशोबच खरं कारण होता का, यावर विद्वानांत अजून वाद आहे. पण वाद आहे म्हटल्यावर "सिद्ध झालेलं सत्य" म्हणून त्याची एकच बाजू पुढे ढकलणं प्रामाणिक नाही. आणि समजा तारीख सूर्यपूजकांकडून घेतली असती, तरी त्या दिवशी भजन कोणाचं होतं? सूर्याचं नक्कीच नाही.

यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाला जास्त जागा लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वचनावर न थांबता पुढे वाचलं की झालं. रानातून तोडलेलं लाकूड कारागीर हत्याराने घडवतो, त्यावर सोनंरुपं चढतं, डळमळू नये म्हणून खिळे ठोकतात. मग संदेष्टा म्हणतो की त्यांना बोलता येत नाही, चालता येत नाही, उचलून न्यावं लागतं. नवव्या वचनात त्यांना निळी-जांभळी वस्त्रं नेसवली आहेत. ही घडवलेली मूर्ती आहे. नाताळचं सजवलेलं झाड जर्मन मुलखात सोळाव्या शतकात दिसू लागलं. ते घरात नको वाटत असेल तर आणू नका. यिर्मयाला साक्षीला बोलावू नका.

"खरे विश्वासणारे सण पाळत नाहीत" या वाक्यालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांनी, 1659 मध्ये कायदाच केला: नाताळ पाळताना सापडल्यास पाच शिलिंग दंड. तो 1681 मध्ये रद्द झाला. हे आपल्यापासून फार दूरचं नाही. 1813 मध्ये मुंबईत उतरलेलं आणि 1831 पासून अहमदनगरला काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी पाठवलं. प्युरिटनांच्या त्या वारसांनी रुजवलेल्या नगरकडच्या मंडळ्यांत आज नाताळला पेटी-तबल्यावर भजनं होतात, म्हणून कोणी विश्वास सोडलेला नाही. दंड करणाऱ्यांचा विश्वास खोटा होता असंही मी म्हणणार नाही. चूक दंडात होती.

राहिला ईस्टर. त्या इंग्रजी नावाचा संबंध बीड या इंग्रज संन्याशाने 725 मध्ये वसंतातल्या एका महिन्याच्या नावाशी आणि एका जर्मानिक देवीशी जोडला. इश्तारचा तिथे मागमूस नाही. सण तर त्या नावाहून कितीतरी जुना आहे. 155 च्या सुमारास स्मुर्णा इथला म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथल्या अनिसेतस या बिशपशी त्याची याच सणावरून चर्चा झाली. आशियातल्या मंडळ्या वल्हांडण या यहूदी सणाच्या, निसान महिन्याच्या चौदाव्या दिवसाला धरून होत्या; रोमची रीत वेगळी होती. कोणीही माघार घेतली नाही. तरीही अनिसेतसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवायचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघे शांतीने निरोप घेऊन गेले.

नाताळ न पाळणाऱ्या भावाला मीही तेच स्थान देईन. त्याने कॅरल फेरीला येऊ नये, दारात तारा लावू नये, पंचवीस तारखेला कामावर जावं. त्याला कोणी अर्धा ख्रिस्ती म्हणालं तर त्याच्या बाजूने मी बोलेन. त्याने एवढंच करावं: संदेशातले "मूर्तिपूजा" आणि "खरा विश्वासणारा" हे शब्द काढून टाकावेत. उरलेल्या मुद्द्यांवर मंडळीत समोरासमोर बसून बोलू, आणि आजीलाही बोलावू.