गोडवा वजा करून

नाशिकमध्ये मधाची बाटली घरी आणली की ‘केवढ्याला दिली’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘खरा आहे का?’ आणि उत्तराची वाट न बघता परीक्षा सुरू. कोणी वाटीभर पाण्यात थेंब सोडतं, कोणी काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटते का बघतं, कोणी म्हणतं कुत्र्यापुढे ठेवा, खरा मध कुत्रं चाटत नाही. आमच्या सोसायटीतलं कुत्रं पेढ्यापासून साबणापर्यंत काहीही चाटतं, त्यामुळे त्याच्या साक्षीवर आजवर एकही मध पास झालेला नाही. या परीक्षांमधून सिद्ध काहीच होत नाही. साखरेचा घट्ट पाकसुद्धा पाण्यात तस्साच तळाशी जातो. पण मध कोणत्या फुलाचा, असं विचारणारं मात्र कोणी भेटत नव्हतं. मग माझा भाचा आला.

भाचा इंग्लंडात असतो आणि फावल्या वेळात मीड करतो. मध, पाणी आणि यीस्ट, एवढ्यावर होणारी ही जुनी दारू. तिकडे स्वतःच्या पिण्यापुरती घरी करायला कोणाला विचारावं लागत नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. करायला परवाना लागतो, आणि कायद्याचं बोट धरून चालायचं तर प्यायलाही लागतो. म्हणून त्याने आल्या आल्या शब्द दिला, “आत्या, तुझ्या घरात काहीही फसफसणार नाही. फक्त मध निवडायचे, कोणता किती ते ठरवायचं आणि नियमात बसेल तेवढा घेऊन जायचं.” पुरुषमाणूस स्वयंपाकघरात शिरताना ‘फक्त’ म्हणाला की भांडी चौपट पडतात, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

आमच्या ह्यांनी लगेच सूचना केली. एवढा द्राक्षांचा जिल्हा, मग द्राक्षाच्या फुलाचाच मध घ्या की. भाच्याने सांगितलं, द्राक्षाच्या फुलोऱ्यात माशीला नेण्यासारखा मकरंदच जवळपास नसतो. ह्यांचा चेहरा पडला. नाशिकच्या माणसापुढे द्राक्षाला नाव ठेवायचं म्हणजे जावयासमोर त्याच्या आईचा विषय काढायचा. थोड्या वेळाने ते पुन्हा आले. “बरं, मग पिंपळगावचे बेदाणे तरी घालशील?” मधात नत्र फार कमी असतं, यीस्टची उपासमार होते, म्हणून जुने लोक मूठभर बेदाणे टाकायचे खरे, पण तेवढ्याने त्याचं पोट भरत नाही, वेगळं खाद्य घालावं लागतं, असं उत्तर आलं. त्यानंतर ह्यांनी या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. चव घेण्यापुरतं मात्र ठेवलं.

खरी पंचाईत निवडीची. मधात जवळपास ऐंशी टक्के साखर. यीस्ट ती खातं आणि त्याची दारू करतं. सगळी खाल्ली की मधाचा गोडवा संपला. उरतो तो फुलाचा वास आणि थोडी आंबट-तुरट चव. त्यातही नाजूक वास बुडबुड्यांबरोबर उडून जातात. म्हणजे पोळीबरोबर जो मध सगळ्यात आवडतो, तो तिथे पाण्यासारखा मिळमिळीत निघण्याचीच शक्यता जास्त. आणि जो चमचाभर खाल्ला तरी नाक मुरडावंसं वाटतं, तो तिथे उठून दिसतो, पण एकटा ठेवला तर अंगावर येतो. म्हणून मिश्रण. सौम्य मध जास्त, उग्र मध बेताचा, आणि चाखायचं ते मनातल्या मनात गोडवा वजा करून. चव बघताना पन्नास वर्षं गोडाकडे लक्ष देणाऱ्या जिभेला हे सांगणार कोण?

मग जमवाजमव. मोहरीचा आणि ओव्याचा मध दुकानातून आला. महाबळेश्वरकडचा जांभळाचा आला, काळसर, मागाहून किंचित कडवट. पेठकडच्या एका ओळखीच्याने रानातला आग्या मोहोळाचा मध पाठवला, तो एका व्हिस्कीच्या खंब्यात. लेबलही तसंच. खेड्यापाड्यातून मध अशाच बाटल्यांत येतो, आणि ते सोयीचंही आहे, कारण पाऊण लिटरच्या खंब्यात किलोभरापेक्षा थोडा जास्त मध बसतो आणि वजनाचं भांडण राहत नाही. पण लिफ्टमध्ये समोरच्या वहिनींनी माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि “पाहुणे आलेत वाटतं?” एवढंच विचारलं. मी “मध आहे” म्हणाले. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

निफाडच्या बाजूने आली ती क्वार्टर. त्यात कांद्याचा मध. कांद्याचं बी धरायला डोंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांवर, माश्या याव्या लागतात, म्हणून बियाण्याच्या प्लॉटमध्ये मधपेट्या ठेवतात, आणि माशी काही फुकट राबत नाही, तिचा मध होतोच. झाकण उघडलं आणि माझ्या सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं, “भजी करतेस का गं?”

प्रयोग असा. वाटीत वजनाने एक भाग मध, तीन भाग कोमट पाणी, ढवळायचं, वर बशी झाकायची. दोन मिनिटांनी बशी जराशी सरकवून नाक आत. वास कोंडलेला असतो, तो पहिल्या श्वासात कळतो. दुसऱ्या श्वासाला निम्मा गेलेला. ओव्याचा मध बशीखालून थेट डोक्यात जातो. मोहरीचा पांढरा, घट्ट, चमचा उभा राहील असा गोठलेला. “साखर घातलीय मेल्यांनी,” आई म्हणाल्या. त्यात ग्लुकोज जास्त म्हणून तो लवकर गोठतो, हे त्यांना पटलं नाही. भाचा बरणी गॅसवर ठेवणार इतक्यात त्या ओरडल्या, मध तापवायचा नसतो, विष होतं. भाच्याने हात जोडले. “आजी, अगदी बरोबर. तापवला की वास जातो.” कारणं दोन टोकांची, पण बरणी कोमट पाण्यात गेली आणि आईंना घरात प्रथमच कोणीतरी शास्त्रशुद्ध पाठिंबा दिला. त्या पुढे रोज वाट्यांवर नजर ठेवायला बसू लागल्या. मीड म्हणजे काय, हे त्यांना आम्ही ‘विलायती सरबत’ असं सांगितलं होतं.

एक रविवार वाया गेला, कारण सकाळी सगळे मिसळीला गेले. तर्री पोटात घेऊन आलेल्या माणसाला जांभूळ आणि गरम पाणी यांतला फरक सांगता येत नाही. भाचा चिडला. मी म्हटलं, अरे, रविवारी नाशिकमध्ये जीभ कामावर बोलवतात का?

शेवटी ठरलं: सात भाग पेट्यांमधला साधा बहुफुली मध, दोन भाग जांभूळ, एक भाग ओवा. लोणच्याचा मसाला आयुष्यभर अंदाजाने घातलेल्या बाईचं म्हणणं ओवा अर्धाच पुरे असं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धाच झाला. ह्यांचा आग्रह कांद्यासाठी, कारण तो तरी जिल्ह्यातला. थेंबभर घातला. बशी सरकवली. कोणी काही बोललं नाही. कांदा बाद. ठेवल्यावर त्याचा वास कमी होत जातो म्हणतात, म्हणून ती क्वार्टर मी कपाटात मागे सारली.

भाचा बाकीचे मध घेऊन गेला. क्वार्टर राहिली, आणि ती आईंनी शोधून काढली. कांद्याचा रस आणि मध, हे त्यांचं खोकल्यावरचं ठरलेलं औषध. इथे दोन्ही एकाच बाटलीत तयार. आता जिन्यात कोणी खोकलं की त्या दार उघडून बोलावतात आणि आत वळून मोठ्याने सांगतात, “अगं, ती क्वार्टर काढ. ह्यांना चमचाभर दे.”