‘फक्त अभ्यासासाठी’ म्हणे!

गेले काही आठवडे शेअर बाजाराच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्या मेव्हण्यानेच तो मला दोनदा पाठवला. सार असं: छोट्या कंपन्यांवर फुकट लिहिणारे समाजसेवा करतात, मोठे फंड तिकडे फिरकत नाहीत, म्हणून खरा पैसा तिथेच आहे, लिहिणाऱ्याने स्वतः शेअर घेतलाय म्हणजे त्याला खात्री आहे, आणि खाली ‘फक्त अभ्यासासाठी, मी सेबी-नोंदणीकृत नाही’ (सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था) असं टाकलं की कायद्याचा प्रश्न मिटला. मी स्वतः नऊ वर्षं असल्या कंपन्यांचे ताळेबंद वाचतोय, टिपणं लिहून मित्रांना पाठवतोय. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी कायदा, तो पटकन उरकतो. सेबीची संशोधन विश्लेषकांसाठीची नियमावली 2014 सालची. मोबदला घेऊन ‘हा घ्या, तो विका’ सांगण्याचा धंदा करत असाल तर नोंदणी लागते, तळटीप काहीही म्हणो. फुकट सांगितलंत तरी खोटी माहिती पसरवून भाव हलवणं हा वेगळा गुन्हा आहेच. ‘अभ्यास’ म्हणजे काय, तेही जानेवारी 2025 मध्ये सेबीने सांगून टाकलं: निव्वळ शिकवणाऱ्याने शेअरचं नाव घेऊन गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. आपल्या ग्रुपवरचं कुठलं टिपण यात बसेल?

फंड फिरकत नाहीत, हे मात्र बऱ्याच अंशी खरं. पण का फिरकत नाहीत? समजा कंपनीचं बाजारमूल्य 60 कोटी, त्यातले 70 टक्के प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे. उरले 18 कोटींचे शेअर, त्यातलेही बरेचसे जुन्या लोकांच्या कपाटात. रोजची उलाढाल जेमतेम तीन लाख. एवढ्याशा डबक्यात फंडाने उतरायचं कसं आणि बाहेर यायचं कसं? आता ग्रुपमधल्या दोनशे जणांनी प्रत्येकी 25 हजार लावले, तर झाले 50 लाख, म्हणजे सोळा-सतरा दिवसांची उलाढाल एका सकाळी. शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे एका दिवसात चढण्याच्या कमाल मर्यादेला, लागतो आणि लिहिणारा म्हणतो, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ भाव टिपणामुळेच चढला आणि चढला म्हणून टिपण खरं ठरलं. कंपनीने या सगळ्यात एक नट-बोल्टसुद्धा जास्त विकलेला नसतो.

‘स्वतः घेतलाय’ हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त भुलवतो. कधी घेतला? कितीला? विकणार कधी, ते कोण सांगणार? नोंदणीकृत विश्लेषकालासुद्धा अहवालाच्या आधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस त्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही. हा नियम उगाच आलेला नाही. साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण आठवा. 2022 च्या जुलैमध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले की अदानी समूह ही कंपनी घेणार. बातमी खोटी होती. छोट्या भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. एवढे लोक घेत होते, तेव्हा विकत कोण होतं? 2 मार्च 2023 च्या अंतरिम आदेशात सेबीने 31 जणांना बाजारात व्यवहार करायला बंदी केली आणि 41.85 कोटींचा कथित गैरनफा गोठवला.

अर्थात हे झाले लबाड लोक. आपण तर प्रामाणिकपणे लिहितो ना! मग समाजसेवेचं ऐका.

काही वर्षांपूर्वी मी एका कास्टिंग कंपनीवर तीन पानी टिपण लिहिलं. नफा वाढत होता. येणी वसूल व्हायला आधी 70 दिवस लागायचे, ते 150 वर गेले होते आणि धंद्यातून हातात रोख पैसा येतच नव्हता. मला ते दिसलं होतं. ‘मोठ्या ऑर्डरी आहेत, येतील पैसे’ असं लिहून मी पुढे सरकलो. एका मित्राच्या वडिलांनी ते वाचून निवृत्तीच्या पैशातले काही लावले. मग एका तिमाहीचा निकाल भर दुपारी, बाजार चालू असताना आला: येणी बुडीत, मोठा तोटा. मी एक्सचेंजच्या वेबसाइटवर बसलेलोच होतो. आधी विकलं, मग ग्रुपवर मेसेज टाकला. मध्ये अकरा मिनिटं गेली. काकांनी मोबाइल उघडला तोवर लोअर सर्किट. विकणाऱ्यांच्या रकान्यात लाखाच्या वर शेअर, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. पुढचे सहा दिवस तेच.

मी एकाही ओळीत खोटं लिहिलं नव्हतं. तळटीपही होती.

तेव्हापासून टिपणाच्या पहिल्याच ओळीत माझ्याकडे किती शेअर आहेत आणि कितीला घेतलेत, ते लिहितो. विकायचं ठरलं की दोन दिवस आधी ग्रुपवर सांगतो. सांगितलं की भाव पडतो, आणि मला त्या पडलेल्या भावालाच विकावं लागतं.