एलिव्हेशन सर्टिफिकेटच्या नावानं चांगभलं

डोकं फिरलंय नुसतं. न्यू जर्सीत घर घेऊन इतकी वर्षं झाली, आयडा चक्रीवादळाच्या पावसातही (२०२१) घरात थेंब आला नाही, आणि आता बँकेचं पत्र येतं की तुमचं घर फ्लड झोनमध्ये, झोन एई म्हणजे पुराचा जास्त धोका असलेला भाग, ४५ दिवसांत फ्लड इन्शुरन्स काढा नाहीतर आम्ही काढू आणि पैसे तुमच्याकडून घेऊ. बँकेनं काढलेला इन्शुरन्स म्हणजे महागडा, आणि सुरक्षित कोण तर त्यांचं कर्ज!

पुराच्या नकाशावरचा तो निळा पट्टा कुणीतरी आमच्या छपरावरून ओढलाय. तो चुकीचाय हे सिद्ध कुणी करायचं? आम्ही, स्वतःच्या खिशातून. त्यासाठी एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घर आणि भोवतालची जमीन किती उंचीवर आहे याचा दाखला. त्याला लायसन्सवाला सर्व्हेयर बोलवायचा, कुणाचीही सही चालत नाही, आणि साहेबांना वेळच नाही, पाऊस पडला की तारीख पुढे. आला एकदाचा, क्रॉलस्पेसची (घराखालच्या बुटक्या पोकळीची) व्हेंट्स मोजली, एसीचं युनिट किती उंचीवर ते लिहिलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, भलंमोठं बिल ठेवून गेला. मी सांगलीचा, आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोका हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं, इथे मात्र फूट कुठल्या शून्यापासून मोजलेत तेही बघायचं, १९२९ चं डेटम की १९८८ चं!

बरं, कागद आला हातात. एजंट म्हणतो, अहो हे आता कंपल्सरी नाही, २०२१ मध्ये रिस्क रेटिंग २.० ही प्रीमियम ठरवायची नवी पद्धत आली तेव्हापासून, प्रीमियम कमी होत असेल तर वापरू. वापरून बघितलं, काही फरक नाही. मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? बँक म्हणते सर्टिफिकेट छान आहे पण याच्यावर आम्ही सोडणार नाही, फेमाचं (पुराचे नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याचं) लोमा लेटर आणा, म्हणजे हे घर फ्लड झोनमध्ये नाही असं त्यांचं पत्र. आणि लोमा मिळालं तरी इन्शुरन्स मागायचा की नाही ते बँकच ठरवणार, तसा नियमच आहे म्हणे!! वरून टाउनशिपमधली (म्हणजे इथल्या नगरपालिकेतली) बाई शांतपणे सांगते की जुन्या मालकानं केलेलं सर्टिफिकेट आमच्या फाइलला आहेच की. म्हणजे बँक, एजंट, सर्व्हेयर, एवढ्या लोकांशी बोललो, एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की बाबा आधी टाउनशिपमध्ये विचार.

लोमाला फी नाही, हे एक बरंय. पण तिथे तुमचा पहिला मजला किती उंच आहे याला कुणी विचारत नाही, घराला लागून जी जमीन आहे तिचा सगळ्यात खालचा बिंदू बघतात, तो बेस फ्लड एलिव्हेशनच्या, म्हणजे मोठ्या पुरात पाणी जिथवर चढेल असं धरलेल्या उंचीच्या, बरोबर किंवा वर पाहिजे. घराला जोडलेला डेक असेल तर त्याचे खांबसुद्धा धरतात. आमचं अख्खं घर वर आहे हो, चारी बाजूंनी वर आहे, फक्त मागच्या डेकचा एक खांब उतारावर, तिथे जमीन काही इंच खाली. झालं, त्या एका खांबापायी अख्खं घर पुरात!

सर्व्हेयर म्हणतो डेक काढून टाका, मी परत येऊन मोजतो (परत बिल, उघडच आहे). टाउनशिपला फोन केला तर डेक पाडायला परमिट लागतं, आणि फॉर्मवर पहिलाच प्रश्न, प्रॉपर्टी फ्लड झोनमध्ये आहे का.