कॅन्डी क्रशचे आजोबा

कॅन्डी क्रशसारख्या खेळांवरचा लेख छान, पण त्यातलं ‘रंग जुळवून फोडायचे खेळ २००१च्या बिज्वेल्ड या कॉम्प्युटर गेमपासून सुरू झाले’ हे काही पटलं नाही. त्याच्या तब्बल सोळा वर्षं आधी, १९८५ मध्ये, कुनिआकी मोरिबे या जपानी गृहस्थांनी ‘चेन शॉट’ हा तसलाच खेळ लिहिला होता. फुजित्सूच्या एफएम-८ आणि एफएम-७ या घरगुती कॉम्प्युटरांसाठी. पुढे १९९२ मध्ये तो युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘सेमगेम’ नावाने आला आणि मग कुठे कुठे पोचला त्याची गणतीच नाही.

आम्ही तो लिनक्सवर खेळायचो, ‘सेम ग्नोम’ म्हणून. पट रंगीत गोळ्यांनी भरलेला; एखाद्या गोळ्यावर माउस नेला की त्याला लागून असलेले त्याच रंगाचे गोळे गोल गोल फिरायला लागायचे! शेजारचे एकाच रंगाचे निदान दोन हवेत, क्लिक केलं की गायब. वरचे खाली पडतात, आख्खी उभी ओळ रिकामी झाली की बाकीच्या सरकतात. घड्याळ नाही, घाई नाही. खरी गंमत गुणांत आहे: एका वेळी जितके गोळे उडवाल त्यातून दोन वजा करून त्याचा वर्ग, तेवढे गुण. म्हणजे पाच-पाच दोनदा उडवले तर १८, आणि तेच दहा एकदम उडवले तर ६४! त्यामुळे हाव सुटते, एक रंग राखून ठेवावा म्हणून बाकीचे उडवत बसायचं आणि शेवटी चार गोळे चार कोपऱ्यांत रुसून बसलेले.

दिसतो बाळबोध, पण पाच रंग असतील तर नुसत्या दोन उभ्या ओळींचा पटसुद्धा पूर्ण साफ होईल का हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे (म्हणजे पट लांबत गेला की झटपट उत्तर काढायची रीत कॉम्प्युटरसाठीही कुणाला ठाऊक नाही), असं गणितज्ञांनी सिद्ध केलंय. माझे गोळे उरायचे त्याला निदान हे कारण तरी सापडलं.