मे महिन्यात पाऊस येऊन राहिला, त्यात कूलरचा काय दोष?

नमस्कार ताई,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मेकॅनिक यायला तीन दिवस लागले, हेही खरं आहे. पण "कूलर थंड करत नाही, जुना माल रंग मारून गळ्यात बांधला" असं जे तुम्ही मोबाईलवर आमच्या दुकानाला एक स्टार देऊन लिहिलं, ते फार लागलं. त्यावर थोडं सविस्तर बोलू द्या.

तुमचा कूलर एप्रिलमध्ये आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या दुकानात तुमच्या डोळ्यांसमोर तयार झाला. ताट्या (कूलरच्या बाजूंना असतात त्या पाणी धरणाऱ्या गवती जाळ्या) नव्या भरल्या, पंप डब्यातून काढून बसवला, टाकीत पाणी टाकून चालवून दाखवला. पहिल्याच आठवड्यात तुमचा फोन आला होता, आठवत असेल. रात्री पांघरूण घ्यावं लागतं म्हणाल्या होत्या. कूलर तोच, ताट्या त्याच, मोटर तीच. मग मे महिन्यात तो जुना माल कसा झाला? मधल्या काळात बदलली ती हवा.

कूलर म्हणजे एसी नाही, त्यात गॅस नसतो, कॉम्प्रेसर नसतो. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते, ताट्यांतलं पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एवढंच त्याचं काम. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत ना, तसंच हवेत आधीच ओलावा असला तर ताट्यांतलं पाणीही उडत नाही. बाहेर ४४ डिग्री आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल, तर चांगला कूलर २८-२९ डिग्रीची हवा देतो. पाऊस पडून गेल्यावर बाहेर ३३ आणि ओलावा ७५ टक्के झाला, की तोच कूलर जेमतेम तीन डिग्री उतरवतो. मग अंगाला चिपचिप होणारच. कुठल्याही कंपनीचा, कितीही महागाचा कूलर आणा, हेच होईल. नागपूरचं ऊन कोरडं, म्हणून तर आपल्याकडे घरोघरी खिडकीला कूलर लागतो.

"खिडकी उघडा म्हणून ज्ञान शिकवून गेला, काम काहीच केलं नाही," असं तुम्ही आमच्या मेकॅनिक पोराबद्दल लिहिलं. ताई, त्याने कूलर पूर्ण खोलून पाहिला. पंप पाणी चढवत होता, ताट्या सगळीकडून भिजत होत्या, पंखा पूर्ण स्पीडने फिरत होता. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. कूलर मात्र हॉलच्या मधोमध होता आणि दारं-खिडक्या सगळ्या बंद. पावसाचे शिंतोडे आत येतात म्हणून तुम्ही बंद केल्या असतील, ते समजतं. पण मग खोलीतलीच ओली हवा पुन्हापुन्हा फिरत राहते आणि दमटपणा वाढत जातो. पाऊस असेल तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा, समोरची एक खिडकी उघडी ठेवा, हे त्याने सांगितलं ते बरोबरच सांगितलं. आणि यायचे पैसेही घेतले नाहीत, तेवढं तरी लिहायला हवं होतं.

उशीर झाला तो माझ्या सांगण्यावरून. त्या तीन दिवसांत रोज संध्याकाळी वादळ, वीज कधी येते कधी जाते. अशा वेळी ओल्या कूलरला हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. कूलरचा शॉक लागून आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, तुम्हीही पेपरात वाचत असाल. तो मुलगा कुणाच्या तरी घरचा आहे.

राग काढायचाच असेल तर या हवेवर काढू, मीही तुमच्यासोबत आहे. सकाळी कडक ऊन पाहून माल बाहेर मांडावा, चार वाजता ढग, पाच वाजता वारा आणि धूळ, मग गारा. ताडपत्री ओढता ओढता माणूस भिजून जातो. दुकानात येणारा प्रत्येक जण "यंदा काय मस्त गारवा आहे भाऊ" म्हणतो. घरी आईसुद्धा खूश, तिला उन्हाचा त्रास होतो. मलाही झोप चांगली लागते, खोटं कशाला बोलू. काटोल-नरखेडकडे गारांनी आंबिया बहाराची संत्री झडतात, त्या शेतकऱ्यांपुढे आमचं नुकसान काहीच नाही. आणि २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री झालं होतं, तसंही कुणाला नको. पण मे महिन्यात मे महिन्यासारखं ऊन तरी पडावं!

आमचा धंदा होळी ते मृग, एवढाच. त्यातच कारागिरांचे पगार, त्यातच दुकानाचं भाडं. गोडाऊनमध्ये माल तसाच पडून आहे आणि नवीन गिऱ्हाईक येण्याआधी मोबाईलवर स्टार पाहतं. वरती "जुना माल" दिसलं की तो पुढच्या दुकानात जातो. म्हणून एवढं लिहितो आहे.

किमतीबद्दल म्हणाल, तर दुसरीकडे पाचशे रुपयांनी स्वस्त मिळतो तो पातळ पत्र्याचा असतो, दोन्ही शेजारी ठेवून बोटाने वाजवून दाखवीन. मेकॅनिक वाढवायचं आणि पावसात कूलर कसा चालवायचा हे बिलासोबत लिहून द्यायचं, याचाही विचार चालू आहे, बघू.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागून दोन-चार दिवस चांगलं ऊन तापलं की कूलर खिडकीला लावून चालवा. तरी थंड हवा नाही आली, तर दुकानात आणा, ताट्या फुकट बदलून देतो. बिल सापडलं नाही तरी चालेल, वहीत तुमचं नाव आहे. आणि थंड हवा आली, तर त्या एका स्टारचं तेवढं पाहा, ही विनंती.